यंत्र थकलें कीं दप्तर भरलें ?

संगणक मंद चालूं लागला कीं घरोघर एकच उद्गार ऐकूं येतो : “यंत्र जुनें झालें, आतां नवें घ्यावयास हवें.” हा निकाल बहुधा मुलें देतात, आणि या विषयांतलें आपणांस कांहीं कळत नाहीं अशा समजुतीनें वडील मंडळी तो मान्य करितात. दुसरा निकाल दुरुस्तीच्या दुकानांत मिळतो : “फॉरमॅट करून टाकूं.” पहिल्या निकालानें घरांतला पैसा जातो, दुसऱ्यानें, आधीं नक्कल काढून ठेवलेली नसेल तर, वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें, पत्रें व टिपणें जातात. हे दोन्ही निकाल पुष्कळदां चौकशीवांचूनच दिले जातात, असें आमचें मत आहे. ही चौकशी मुळींच अवघड नाहीं. आणि ती प्रत्येक विद्यार्थ्यास करतां आली पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. यंत्र निराळें, त्यावर चालणारा प्रोग्राम निराळा, आणि तो वापरणाऱ्याचें दप्तर निराळें. या दप्तरास प्रोफाइल असें म्हणतात. उदाहरणादाखल फायरफॉक्स हा ब्राउझर घेऊं. इंटरनेटवरील पानें पाहण्याच्या या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ति ९ नोव्हेंबर २००४ रोजीं प्रसिद्ध झाली. त्याचा प्रोग्राम एका ठिकाणीं असतो, आणि आपण जपून ठेवलेले पत्ते, पाहिलेल्या पानांची नोंद, पासवर्ड, आपण केलेले फेरबदल व जोडलेलीं साधनें हीं सर्व दुसऱ्या एका फोल्डरांत असतात. म्हणून पुष्कळ जण प्रोग्राम काढून पुन्हां बसवितात, तरी गुण येत नाहीं. घराला नवा रंग दिला, पण माळ्यावरची अडगळ होती तेथेंच राहिली, तसा हा प्रकार होय.

या दप्तरांत ओझें कशाचें होतें ? मुख्यतः एक्स्टेन्शन या नांवाच्या जोडसाधनांचें. एक जाहिराती अडविण्यासाठीं, दुसरें भाषांतरासाठीं, तिसरें चित्रफिती उतरवून घेण्यासाठीं, अशीं तीं एकामागून एक येतात. त्यांपैकीं कित्येक उघडलेल्या प्रत्येक पानावर आपलें काम करीत असतात, आणि त्या प्रत्येक कामाला यंत्राची स्मृति व वेळ लागतो. कांहीं तर आपण बोलावलेलींहि नसतात. एखादा फुकटचा प्रोग्राम घेतांना न वाचतां “होय, होय” म्हणत गेलें कीं तीं त्याच्या पाठीमागून घरांत शिरतात. अशा वेळीं दोष यंत्राचा नसून आपल्या दप्तराचा असतो.

तो ओळखावा कसा ? फायरफॉक्सच्या ‘हेल्प’ या यादींत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यांत ब्राउझर चालविला असतां जोडसाधनें तेवढ्यापुरतीं बंद राहतात. मंदपणा गेला तर चोर बहुधा त्यांच्यांतच आहे असें समजावें. मग एकेक बंद करून पाहावें. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ ही सोय वापरावी. ही सोय २०१२ सालीं, प्रथम ‘रीसेट’ या नांवानें आली. ती नवें कोरें दप्तर उघडते, आणि जुन्यांतले जपलेले पत्ते, पाहिलेल्या पानांची नोंद व पासवर्ड त्यांत आणून ठेवते. जोडसाधनें, सजावट, आपण बदललेल्या आवडीनिवडी आणि निरनिराळ्या स्थळांस दिलेल्या परवानग्या मात्र मागें राहतात. म्हणून आपणांस खरोखर लागणाऱ्या साधनांचीं नांवें आधीं कागदावर उतरून घ्यावीं, व महत्त्वाच्या मजकुराची नक्कल अन्यत्र ठेवावी. शिवाय जुनें दप्तर नाहीसें होत नाहीं. तें एका फोल्डरांत घालून संगणकाच्या दर्शनी पडद्यावर ठेविलें जातें. त्यांत आपले पासवर्डहि असतात, याचा विसर पडूं देऊं नये. सर्व ठीक चाललें आहे अशी खात्री पटली कीं तें फोल्डर काढून टाकावें. संगणक अनेकांच्या हातचा असेल तर हें विशेषच अगत्याचें आहे.

संबंध संगणकच मंद वाटत असेल तर हीच कसोटी मोठ्या प्रमाणावर लावावी. विंडोजमध्यें प्रत्येक वापरणाऱ्याचें स्वतंत्र खातें व स्वतंत्र प्रोफाइल असतें. एक नवें खातें उघडून त्यांत तेंच काम करून पाहावें. तेथें यंत्र चपळ चाललें, तर जुन्या खात्याचें दप्तर बिघडलेलें आहे. आपला मजकूर नव्या खात्यांत नेऊन काम चालूं करावें. तेथेंहि तें रखडत असेल, तर मात्र दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागांत, बहुधा यंत्रांत आहे असें म्हणण्यास आधार मिळतो. तरीहि नव्या यंत्राची वेळ आलीच असें नाहीं. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथें एसएसडी घातल्यानें, किंवा रॅम वाढविल्यानें, पुष्कळ यंत्रांना पुन्हां उमेद येते.

कोणी म्हणेल, एवढी खटपट करण्यापेक्षां नवें घेतलेलें काय वाईट ? ज्यांना परवडतें त्यांनीं घ्यावें. आणि कांहीं वेळां तें घेणें भागहि असतें. विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. ज्या यंत्रावर पुढची आवृत्ति चालत नाहीं, त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न दप्तर झाडल्यानें सुटत नाहीं. पण ज्या घरीं संगणकाचा पैसा इतर गरजांना मुरड घालून उभा केलेला असतो, तेथें चौकशीवांचून नवें मागणें हा आईबापांवर अन्याय आहे. आणि जुन्या संवयी कायम असल्या तर नवें यंत्रहि कांहीं दिवसांत तसेंच रखडूं लागेल.

उलट, कांहींजण रीसेटलाच रामबाण उपाय मानूं लागतात, तेंहि योग्य नव्हे. सकाळीं दप्तर रिकामें करावयाचें आणि संध्याकाळीं तींच वीस साधनें त्यांत पुन्हां कोंबावयाचीं, यानें काय साधणार ? रिकाम्या दप्तरांत एकेक साधन गरज पाहून घालावें, आणि प्रत्येक वेळीं चाल मंदावते कीं काय हें पाहावें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, नव्या यंत्राची मागणी आली म्हणजे मुलास तीन प्रश्न विचारावे : जोडसाधनें बंद करून पाहिलींस काय ? नव्या खात्यांत काम करून पाहिलेंस काय ? आपल्या मजकुराची नक्कल काढून ठेवलीस काय ? हे प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर प्रामाणिकपणें “होय” असें देतां आलें, तरच तुमच्या मागणीला वजन येईल. पण पुष्कळदां असें होईल कीं तीं उत्तरें शोधतां शोधतांच संगणक पुन्हां चालूं लागेल, आणि मागणी करण्याचें कारणच उरणार नाहीं.