लातूरची मते आणि आमच्या भुवया

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांविषयी मराठीच्या अध्यापकवर्गाचे एक ठरलेले मत आहे आणि ते मांडताना आवाजात एक ठरलेला सूरही लागतो. गाणे का एसएमएसने ठरते? ज्याचा जिल्हा जागा, त्याचा गळा गोड. ज्याच्या समाजाकडे मोबाइल अधिक, तो महागायक. हे म्हणताना भुवया किंचित वर जातात, चहाचा घोट घेतला जातो आणि अभिरुचीचा निकाल लागल्याचे समाधान चेहऱ्यावर पसरते. शेंद्र्याच्या परिसरात शिकवताना आम्हीही हा सूर वर्षानुवर्षे ऐकत आलो. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरांतून अशीच मते गेलेली असतात आणि हा उपहास त्यांच्याच देखत चालतो, म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रादेशिक मतदान हा या स्पर्धांचा दोष नव्हे. दोष दुसरीकडे आहे आणि भुवया उंचावणाऱ्यांनी तिकडे कधी पाहिलेलेच नाही.

प्रथम इतिहास. गाण्यात बाजू घेणे ही मोबाइलने आणलेली विकृती आहे, असे लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने तरी म्हणू नये. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. रात्र रात्र सवालजवाब चालणार आणि श्रोते आपापल्या फडामागे उभे राहणार, हे आपण वर्गात मोठ्या कौतुकाने शिकवतो. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर पाहायला आलेला प्रेक्षक का तटस्थ होता? गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांचे चाहते आपापला पक्ष मनात घेऊनच आले होते. त्या पक्षपाताला आपण ‘रसिकता’ म्हणतो. मग लातूरच्या एखाद्या गृहिणीने आपल्या गावच्या मुलासाठी पाठवलेल्या संदेशाला ‘गल्लीबाजी’ का म्हणायचे? शंभर वर्षे उलटली की पक्षपाताचा वारसा होतो, एवढाच काय तो फरक दिसतो.

आता लातूरचा उल्लेख आलाच आहे, तर तोच दाखला पुढे नेऊ. झी मराठीवरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची २००८-०९ची स्पर्धा आठवावी. अंतिम फेरीतली पाच मुले म्हणजे महाराष्ट्राचा नकाशाच होता. कार्तिकी गायकवाड आळंदीची, आर्या आंबेकर पुण्याची, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला, मुग्धा वैशंपायन अलिबागची आणि रोहित राऊत लातूरचा. २००९च्या फेब्रुवारीत कार्तिकी विजयी झाली आणि लगेच कुजबूज सुरू झाली की ही वारकऱ्यांची मते. जणू वारकऱ्याला कान नसतात! अभंग कसा उचलावा, हे ज्या समाजाने शतकानुशतके टाळ-मृदंगावर घोटले, त्याची पसंती तेवढी भाबडी. आणि शहरातल्या दिवाणखान्यातून गेलेले मत मात्र चोखंदळ. ही वर्गवारी कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसते, ते आम्हाला ठाऊक नाही. जातिव्यवस्थेच्या अभ्यासात ती सहज बसेल.

लातूरच्या मतांचे आणखी एक अंग आहे. महाराष्ट्राच्या उरलेल्या भागाला लातूर कशामुळे आठवते? ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपामुळे आणि २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेमुळे. ज्या मुलखाचे नाव वर्तमानपत्रात आपत्तीखालीच छापले जाते, त्याचे नाव एका मुलाच्या गळ्यामुळे घराघरांत उच्चारले जाऊ लागले, तर तिथली माणसे त्याला मत देणार नाहीत तर काय करतील? तिथे मत म्हणजे हजेरी असते. ‘आम्हीही आहोत’ एवढेच ते सांगते. हाच रोहित राऊत पुढे ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात, २०२०च्या फेब्रुवारीतल्या अंतिम फेरीत उपविजेता ठरला; तेव्हा लातूरची हजेरी अगदीच अस्थानी नव्हती, असे म्हणायला हरकत नसावी.

हजेरी या शब्दाचा अर्थ सर्वांत लख्ख दिसला तो मात्र लातूरपासून फार दूर, दार्जिलिंगच्या डोंगरात. २००७च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये कोलकाता पोलिसांतला शिपाई प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर होते. दार्जिलिंगमध्ये वर्गण्या निघाल्या, मोहिमा झाल्या आणि २३ सप्टेंबरला प्रशांत विजयी झाला. जाणकारांनी नाक मुरडले. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने गुरख्यांच्या पहारेकरीपणावरून विनोद केला आणि २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निदर्शनांचे पर्यवसान हिंसाचारात झाले. मतांच्या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबरला गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. आता सांगावे, ती मते गाण्याला होती की नव्हती? प्रश्नच चुकीचा आहे. ज्या समाजाला देश दारावरचा पहारेकरी म्हणूनच ओळखत होता, त्याने एका गाण्याच्या निमित्ताने स्वतःची गणती करून घेतली. त्या विनोदानेच ही गणती किती आवश्यक होती, ते सिद्ध केले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. मत हजेरी असेल, तर गुणवत्तेचे काय? लहान खेड्यातल्या, पाठीशी कोणताही मोठा समाज नसलेल्या गायिकेने काय करावे? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. मात्र त्याचे उत्तर मतदारांना हिणवून मिळत नाही. त्यासाठी मतदानाची रीत पाहावी लागते.

युरोपात १९५६पासून ‘युरोव्हिजन’ ही देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा चालत आली आहे. तिथेही शेजारी शेजाऱ्याला मत देतो. ग्रीस आणि सायप्रस यांनी एकमेकांना बारा गुण देणे हा तर तिथल्या प्रेक्षकांच्या थट्टेचा नेहमीचा विषय. २०२२मध्ये युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले, ते केवळ सुरांसाठी नव्हते हे सर्वांना ठाऊक होते. तरीही तिथे तीन गोष्टी आहेत. आपल्याच देशाला मत देता येत नाही. प्रेक्षकांच्या जोडीला परीक्षकांचे गुण असतात. अंतिम फेरीत ते २००९पासून निम्म्याने पुन्हा आणले गेले. आणि कोणत्या देशाने कोणाला किती गुण दिले, हे जाहीर होते. एका माणसाला वीस मते देता येत होती, त्यावरून २०२५मध्ये वाद झाला आणि २०२६च्या स्पर्धेसाठी ती मर्यादा दहावर आणली गेली. म्हणजे पक्षपात आहे, हे गृहीत धरून त्याला नियमांचे कुंपण घातले गेले आणि चूक दिसली तेव्हा ते कुंपण सरकवलेही गेले.

आपल्याकडे काय झाले? वाहिन्यांनी आर्जव केले ते नेमके आपल्याच माणसाला मत देण्याचे. स्पर्धकाला त्याच्या गावी नेऊन मिरवणुका काढल्या, आईचे डोळे पुसताना कॅमेरा जवळ नेला आणि मग पडद्यावर क्रमांक झळकवला. एकाच हातून कितीही संदेश जाऊ शकत होते आणि प्रत्येक संदेशाला साध्या संदेशापेक्षा जास्त दर पडत होता. ज्याची माया अधिक, त्याचा खिसा अधिक रिकामा. पुढे संदेशांची जागा अ‍ॅपने घेतली, आर्जव मात्र तेच राहिले. आणि मोजणी? कोणत्या जिल्ह्यातून कोणाला किती मते गेली, याचा तक्ता प्रेक्षकांपुढे ठेवण्याची रीत आपल्याकडे रुजलीच नाही.

इथेच आमच्या सहकाऱ्यांच्या उपहासाचा पाया ढासळतो. ‘वारकऱ्यांची मते’, ‘मराठवाड्याची मते’ हे ते कशाच्या आधारावर म्हणतात? तक्ता त्यांनीही पाहिलेला नाही. युरोपात मतदानाच्या कलाचा अभ्यास होतो, कारण आकडे उपलब्ध आहेत. आपल्याकडे कल नाही, वदंता आहे. संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांनी वदंतेवर निकाल द्यावा आणि तोही नेहमी खेड्याच्या विरुद्धच द्यावा, याला काय म्हणावे?

शिवाय ‘मराठवाड्याची मते’ हा शब्दप्रयोग या मंडळींना नवा नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष अनेक वर्षे निवडणुकीने ठरत असे. मतदार होते ते घटक, संलग्न आणि समाविष्ट संस्थांनी पाठवलेले. विदर्भाची मते कुठे वळणार, पुणेकर कोणाला साथ देणार, आपली मते फुटणार का, याची गणिते प्राध्यापकांच्याच बैठकांत मांडली जात. त्या वेळी कोणी विचारले नाही, की ही मते कवितेला आहेत की प्रांताला. बडोद्याच्या २०१८च्या संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे निवडणुकीने आलेले शेवटचे. त्यानंतर घटना बदलली आणि यवतमाळच्या २०१९च्या संमेलनापासून, अरुणा ढेरे यांच्यापासून, अध्यक्ष सहमतीने ठरू लागले. नावे आदरणीयच आली, त्याविषयी तक्रार नाही. परंतु गटाची मते नकोशी झाली तेव्हा आपण मतच काढून टाकले, हे ध्यानात ठेवावे. लातूरच्या गृहिणीला किमान क्रमांक तरी दिला होता.

म्हणून आमची मागणी प्रेक्षकांकडे नाही. एका माणसाला मोजकी मते असावीत आणि त्यांना दर नसावा. परीक्षकांचे गुण व लोकांची मते वेगवेगळी सांगावीत. जिल्हावार तक्ता प्रसिद्ध करावा. वाहिन्या हे आपण होऊन करणार नाहीत. ते मागावे लागेल, आणि मागण्याची जबाबदारी ज्यांना मोजणे, तपासणे, पुरावा मागणे येते त्यांची आहे. म्हणजे आपली. असा तक्ता कधी हाती आलाच, तर एखाद्या विद्यार्थिनीने त्यावर प्रबंध लिहावा. तिच्या आईने रोहितला पाठवलेली मते त्यात असतील, तर तिने ती लपवू नयेत आणि मार्गदर्शकाने भुवया उंचावू नयेत.