मागं फिरणं म्हणजे नापास होणं नव्हे



डिसेंबरात हिमालयातून परत आलो आणि वर्गात पाय ठेवला तोच मुलांनी घेरलं. "सर, बर्फ खाल्लासा काय?" "सर, टोकावर झेंडा लावलासा काय?" मी खरं ते सांगितलं, "आम्ही सहाजण गेलो होतो. चौघं टोकावर पोचले. मी आणि माझा एक मित्र वाटेतून मागं फिरलो." मुलांचे चेहरे उतरले. एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे सर, तुम्ही नापास झालासा."

चौथीतलं पोर ते. त्याला हे कुणी शिकवलं? विचार केला तर उत्तर एकच येतं : मी आणि तुम्ही. म्हणून हा लेख.

आम्ही सहाजण डीएडचे सोबती. आज वेगवेगळ्या तालुक्यांत शिक्षक आहोत. पन्हाळा ते पावनखिंड पावसात कितीदा तरी चाललेले, त्यामुळं पायांवर भारी विश्वास. नाताळच्या सुट्टीला किरकोळ रजा जोडली आणि उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघालो. देहरादूनहून सांक्री या पायथ्याच्या गावी पोचायला गाडीनं अख्खा दिवस जातो. हे गावच सुमारे ६,४०० फुटांवर आहे. आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचं. म्हणजे आपलं शिखर संपतं त्याच्याही वर तिथली चढण सुरू होते! केदारकंठाचा माथा सुमारे १२,५०० फुटांवर.

पहिल्या मुक्कामाला जुडा का तालाब हे तळं गोठलेलं होतं. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो. सकाळी बाटली सरळ केली की तोंडाशी पाणी मिळतं. परिसर अभ्यासाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? मुलांना ते सांगितलंच. पण खरा धडा पुढच्या मुक्कामावर होता.

दुसऱ्या दिवशी ११,००० फुटांच्या वर तळावर पोचलो. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, पण हवाच विरळ. त्यामुळं प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो. तो दिला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, चक्कर येते. यावरचा नियम साधा आहे : त्रास होत असेल तर वर जायचं नाही आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. मग गोष्ट जिवावर बेतते.

म्हणून संध्याकाळी गाईड प्रत्येकाला विचारायचा, "सर दर्द? खाना खाया?" आम्ही सगळे एका सुरात, "एकदम ठीक!" माझ्या शेजारी बसलेल्या मित्रानं जेवणाला हात लावला नव्हता. मी पाहिलं होतं. "भूक नाही रे" म्हणाला आणि मीही गप्प बसलो.

पहाटे तीनला बॅटरीच्या उजेडात निघालो. तासाभरात तो उलटी करून बर्फात बसला. उठला तर झोक जायला लागला. गाईडनं त्याच्याकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "आता वर नाही." मित्र म्हणाला, "जरा थांबून जाऊया की." गाईड हसला. "पहाड कहीं नहीं जा रहा, सरजी." मोठा गाईड चौघांना घेऊन वर गेला. दुसऱ्याबरोबर आम्ही दोघं उतरलो. दुपारी तळ्याशी पोचलो तेव्हा त्याचं डोकं हलकं झालं होतं. चहा पिता पिता म्हणाला, "काल दुपारपास्नं डोकं लई दुखालतं गड्या. पर तुमचा ट्रेक माझ्यामुळं कशाला खराब करू?"

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आदल्या दिवशी दुपारीच बोलला असता, तर वेळेत खाली आणून विश्रांती देता आली असती. कदाचित एक दिवस थांबून तोही माथ्यावर गेला असता. आजारापेक्षा घातक ठरलं ते लपवणं. आणि लपवायला भाग पाडलं ते आमच्या "एकदम ठीक" या एकसुरी उत्तरानं.

आता आपला वर्ग आठवा. "सगळ्यांना समजलं?" आपण विचारतो. "हो सर!" सगळा वर्ग ओरडतो. ज्याला समजलेलं नाही तोही ओरडतो, जरा जास्तच जोरात. शिष्यवृत्तीच्या सराव चाचणीचे गुण आपण मोठ्यानं वाचतो. घरी गेल्यावर पहिला प्रश्न, "किती पडले? शेजारच्याला किती?" अशा वातावरणात आठ-नऊ वर्षांचं लेकरू कशाला सांगेल, की मला जमेना?

काहीजण म्हणतील, "मग मुलांना जिद्द शिकवायचीच नाही का? जरा अडलं की परत फिरायचं?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरचंच बघा. मे २०२२ मध्ये तिनं एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा सगळ्यांनी अभिमानानं फोटो पाहिले. पण आदल्या वर्षी खराब हवामानामुळं तिला शिखर न गाठताच परतावं लागलं होतं. ती मागं फिरली म्हणून पुन्हा जाऊ शकली. २६ मे १९५३ ला बॉर्डिलन आणि इव्हान्स हे दोघं एव्हरेस्टच्या माथ्यापासून फक्त शंभरेक मीटर खाली पोचले होते. उशीर झालेला, प्राणवायूचं उपकरण नीट चालत नव्हतं. ते परत फिरले आणि जिवंत खाली आले. तीनच दिवसांनी त्याच मोहिमेतले तेनसिंग आणि हिलरी वर पोचले. या परत फिरलेल्या दोघांना कुणी नापास म्हणेल का? माझ्या मते जिद्द म्हणजे डोळे मिटून पुढं जाणं नव्हे. आपण कुठं अडलोय ते ओळखणं, वेळेत सांगणं आणि तयारी करून पुन्हा जाणं, याला जिद्द म्हणावं.

मी जानेवारीपासून वर्गात तीन गोष्टी सुरू केल्यात. "समजलं का?" हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी विचारतो, "आज कुठं अडलं?" आणि सुरुवात माझ्यापासून करतो. दुसरी, मुलं अडलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात, नाव लिहायची सक्ती नाही. तिसरी, चाचणीचे गुण मोठ्यानं वाचत नाही, वही ज्याच्या त्याच्या हातात देतो.

पहिला आठवडा डबा रिकामाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी आली, "मला तिसरीपासून भागाकार येत नाही." अक्षर मी ओळखलं. वर्गातली हुशार म्हणून मी जिच्याकडं कधी वळूनही बघितलं नव्हतं, ती मुलगी. इतके दिवस शेजारणीच्या वहीत बघून उत्तरं लिहीत होती आणि मी बरोबरच्या खुणा करत होतो. आता रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं आम्ही चिंचोके वाटून घ्यायला बसतो. तिच्यामागोमाग आणखी तिघं आलीत.

यात सगळं सोपं नाही. अभ्यासक्रम थोडा मागं पडलाय. एका पालकांनी विचारलंही, "सर, नंबर का सांगत नाही आता?" त्यांना बसवून ही हिमालयाची गोष्ट सांगितली. पूर्ण पटली असं नाही, पण ऐकून घेतली.

तुम्हाला एकच विनंती आहे. आज संध्याकाळी मूल शाळेतून आलं की "किती पडले?" विचारू नका. "आज कुठं अडलं?" एवढंच विचारा, आणि उत्तर आल्यावर रागावू नका. शिक्षक मित्रांनो, उद्या वर्ग एका सुरात "हो सर" म्हणाला, की ज्यानं जेवणाला हात लावला नाही तो कोण आहे, ते शोधा. मी शेजारी बसून गप्प राहिलो होतो. तुम्ही राहू नका.