दुकानदारांचा विरोध असलेला रस्ता कोपनहेगनची ओळख कसा बनला?

कोपनहेगनला गेलेला पर्यटक एकदा तरी 'स्ट्रॉयेट'वरून चालतोच. पण या नावाची पाटी शोधायला गेलात, तर सापडणार नाही. टाऊन हॉलच्या चौकापासून कोंगेन्स न्यूटोर्व्ह या चौकापर्यंत एकापुढे एक जोडलेल्या रस्त्यांना मिळून लोकांनी दिलेलं हे नाव आहे. लांबी साधारण १.१ किलोमीटर. लेगोचं दुकान, रॉयल कोपनहेगनची पोर्सिलेनची भांडी, सगळं याच वाटेवर.

आज इथे गाड्या नाहीत याचं कुणाला नवल वाटत नाही. १९६२च्या नोव्हेंबरमध्ये मात्र वाहनबंदी फक्त प्रयोग म्हणून सुरू झाली आणि दुकानदार धास्तावले. गाडीच दारात येणार नसेल, तर गिऱ्हाईक कसं येणार? शिवाय, आपण डेन्मार्कचे लोक, असल्या थंडीत इटालियन लोकांसारखं रस्त्यावर कोण रेंगाळणार, असाही सूर होता. प्रत्यक्षात लोक आले, रेंगाळले आणि १९६४मध्ये बंदी कायम झाली.

इथे खरं श्रेय एकट्या बंदीला देता येत नाही. वास्तुविशारद यान गेल यांनी या रस्त्यांवर लोक कुठे थांबतात, कुठे बसतात याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या. शहरानेही मध्यभागातलं पार्किंग एका फटक्यात नव्हे, थोडं थोडं कमी केलं. त्यामुळे विरोधाला एकवटायला निमित्तच मिळालं नाही. चार दशकांत पादचाऱ्यांसाठीची जागा सुमारे सहापट झाली.

लंडनमध्ये हेच अडलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची वाहनं हटवण्याची योजना वेस्टमिन्स्टर कौन्सिलने २०१८मध्ये गुंडाळली, कारण वाहतूक आपल्या गल्ल्यांत घुसेल ही आजूबाजूच्या रहिवाशांची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. हा रस्ता बसगाड्यांचाही मोठा मार्ग आहे. महापौर सादिक खान यांनी २०२४मध्ये योजना पुन्हा पुढे आणली, ती रस्त्याचे अधिकार कौन्सिलकडून काढून वेगळ्या विकास महामंडळाकडे देण्याच्या प्रस्तावासह.

स्ट्रॉयेटचीही दुसरी बाजू आहे. गर्दी वाढली की भाडी वाढतात आणि ती परवडतात बड्या ब्रँडना. म्हणूनच इथल्या मोठ्या भागात जगभर दिसणाऱ्या त्याच पाट्या दिसतात. जरा निवांत, छोटी दुकानं बघायची असतील, तर शेजारच्या समांतर 'स्ट्रेडेट'कडे वळावं. तिथे गाड्यांना मज्जाव नाही, पण पहिला हक्क चालणाऱ्याचा.