ग्रामपंचायतीला आलेल्या निधीचा हिशेब गावाला कधी मिळतो?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतली अनेक तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असतात. गावाची खबर मिळते ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे एक प्रश्न हमखास येतो, 'ग्रामपंचायतीला आलेल्या निधीचं काय झालं?' याचं उत्तर द्यायचं की नाही, हे सरपंचांच्या मर्जीवर नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ नुसार, आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत चार गोष्टी मांडाव्या लागतात: वार्षिक जमाखर्च, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करायची कामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांवरची उत्तरं.

हिशेब रखडला तर?

१५व्या वित्त आयोगाने (२०२१-२६) निधीला अट घातली. मागच्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षण झालेले लेखे ऑनलाइन हवेत. २०२३-२४ पासून ज्या स्थानिक संस्थांचे दोन्ही लेखे उपलब्ध आहेत, त्यांच्यापुरताच निधी राज्याला देण्याचं ठरलं.

या निधीतला ६० टक्के वाटा पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. भाटघर, पानशेत, गुंजवणी ही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. 'धरण उशाला, कोरड घशाला' म्हणणाऱ्या वाडीसाठी रखडलेला हिशेब म्हणजे रखडलेली पाणीयोजना ठरू शकते.

शहरात राहून काय करता येईल?

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की विकास आराखडा आणि खर्चाची नोंद पाहता येते. तपशील हवा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

पण पोर्टलवर दिसते ती रक्कम. टाकी बांधली का, तिच्यात पाणी चढतं का, हे विचारायची जागा ग्रामसभाच. तिच्या गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ३०० मतदारांच्या गावात ही संख्या होते फक्त ४५. जत्रेला गावी जायची सुट्टी काढतानाच ग्रामसभेची तारीखही विचारून ठेवली, तर ग्रुपवरचा प्रश्न थेट सभेत मांडता येईल.