मराठवाड्याचा मूकपट कोणत्या राजधानीत शोधायचा?

१/ मूकपटांचा इतिहास सांगताना आपण नाशिकचे दादासाहेब फाळके आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांच्यापाशी थांबतो. दोघांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु नांदेड-लातूरच्या तरुणांनाही ‘आपला’ म्हणून तेवढाच इतिहास सांगितला जातो, यावर माझा आक्षेप आहे.

२/ १९२२ साली ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात होती. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. वरिष्ठ न्यायालय आणि विद्यापीठ, दोन्ही हैदराबादेत. त्याच वर्षी त्याच राजधानीत धीरेन गांगुली यांनी लोटस फिल्म कंपनी स्थापन केली.

३/ हे गांगुली कोण? १९२१ च्या ‘बिलेत फेरत’ या बंगाली विनोदी मूकपटाचे नायक. विलायतेहून साहेब होऊन परतलेला मुलगा आणि त्याच्या नव्या चालीरीतींनी गोंधळलेले आईवडील, हा त्याचा विषय. हैदराबादेत त्यांनी पौराणिक पटांच्या जोडीने ‘लेडी टीचर’, ‘मॅरेज टॉनिक’ असे पटही काढले. शिकलेली स्त्री, लग्न, घर हे विषय नावांतच दिसतात.

४/ ‘पण ते बंगाली; आपला संबंध काय?’ मूकपटातला नट कोणतीच भाषा बोलत नाही! आणि विषय म्हणाल, तर उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचे होते. तिथून शेरवानी आणि नवी अदब घेऊन घरी परतणाऱ्या मराठी मुलाला विलायतेची गरज नव्हती. ‘बिलेत फेरत’मधला बापलेकांचा पेच आपल्या वाड्यांतही घडू शकत होता.

५/ या हसण्यालाही मर्यादा होती. १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ हा मूकपट दाखवल्याच्या कारणावरून निजामाने गांगुलींना संस्थानाबाहेर काढले. त्यात सुलताना आणि हिंदू प्रजाजन यांची प्रेमकथा होती. घरातल्या माणसांना हसा, तख्ताला धक्का लावू नका, असा त्याचा अर्थ.

६/ पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) आपण सामाजिक दस्तऐवज मानतो, ते योग्यच. पण वर्गभेद केवळ रडूनच दाखवता येतो काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा बदलली; ती १९२२ वर मागे ओढण्याचा अधिकार कुणालाही नाही. हैदराबाद वगळून लिहिलेला मराठवाड्याचा इतिहास अर्धाच राहील.