‘किती वेळ लागेल?’ की ‘किती वेग हवा?’



आमच्या पालमपासून समुद्र फार लांब. इथल्या पोरांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे गोदावरीचं पात्र. त्यामुळे मुंबईच्या सहलीत गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो, तेव्हा लेण्यांपेक्षा पाण्यावर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांकडेच सगळ्यांच्या नजरा होत्या.

एकानं विचारलं, “सर, ही जहाजं का थांबलीत? डिझेल संपलं का?”

मी म्हणालो, “नाही रे. काही धक्का रिकामा व्हायची वाट बघत असतील, काही भरतीची.”

तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “मंग एवढ्या घाईनं आलीच कशाला?”

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी त्याबद्दल वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की आपण काळ-काम-वेगाचं गणित शिकवतो, ते अर्धंच शिकवतो.

जहाजावरचा हिशोब

आपल्या पुस्तकातलं गणित असं असतं : गाडीचा वेग दिलेला, अंतर दिलेलं, वेळ काढा. जहाजावर बहुतेक वेळा उलटं असतं. पोहोचायची वेळ ठरलेली, अंतर माहीत, मग वेग काढा. हे काम साधारणपणे सेकंड ऑफिसरकडे असतं आणि निर्णय कप्तानाचा असतो.

आधी एकक समजून घेऊ. समुद्री मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक समुद्री मैल म्हणजे एक नॉट. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. ते नाव अजून चालू आहे.

आता एक उदाहरण घेऊ. दुबईजवळच्या जेबेल अली बंदरातून एक जहाज आपल्या न्हावा शेवाला निघालं. आकडे सोपे जावेत म्हणून अंतर १२०० मैल धरू. सोमवारी सकाळी ८ वाजता, तिथल्या घड्याळाप्रमाणे, ते निघालं. शुक्रवारी दुपारी दीड वाजता, आपल्या घड्याळाप्रमाणे, बंदराचा पायलट चढणार आहे. पायलट म्हणजे बंदरातल्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या. त्याची वेळ चुकली तर पुढची भरतीही हातची जाऊ शकते. मुंबईच्या समुद्रात मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि जड जहाजाला तेवढं पाणी लागतं.

किती तास झाले? घाईत मोजलं तर साडेएकशेएक. पण दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. म्हणजे खरे तास १००. म्हणून हिशोबाआधी सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणून घ्यायच्या. दीड तासाची ही चूक ज्यानं केली, तो पूर्ण प्रवास ठरल्याप्रमाणे करूनही दीड तास उशिरा पोहोचेल.

१२०० भागिले १००, म्हणजे १२ नॉट. आपलं गणित इथं संपतं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की झालं. जहाजावर मात्र ते इथून सुरू होतं. कारण इंजिनाचे फेरे १२ नॉटचे ठेवले, तरी लाटा, वारा आणि प्रवाह जहाजाला मागे ओढू शकतात. पाण्यातून कापलेलं अंतर वेगळं आणि प्रत्यक्ष पुढे सरकलेलं अंतर वेगळं. म्हणून रोज दुपारी १२ वाजता जहाजावर नोंद होते : काल दुपारपासून किती आलो, अजून किती उरलं, वेळ किती उरला, आता किती वेग हवा.

आपल्या जहाजाला वाटेत उलटा प्रवाह लागला आणि कोणी लक्ष दिलं नाही, असं समजा. सोयीसाठी नोंद निघाल्यापासून दर २४ तासांनी करू.

• २४ तासांनी : २५२ मैल आलो. उरले ९४८ मैल, ७६ तास. हवा असलेला वेग सुमारे साडेबारा नॉट.
• ४८ तासांनी : आणखी २६४ मैल. उरले ६८४ मैल, ५२ तास. हवा असलेला वेग १३ नॉटच्या थोडा वर.
• ७२ तासांनी : आणखी २६४ मैल. उरले ४२० मैल, २८ तास. हवा असलेला वेग १५ नॉट.

पहिल्या दिवशी फक्त अर्धा नॉट वाढवायचा होता. तिसऱ्या दिवशी तीन नॉट वाढवावे लागतात. आणि हे तीन नॉट फार महाग पडतात. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १५ म्हणजे १२ ची सव्वापट. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा करून बघा, जवळपास दोन येतात. म्हणजे वेग सव्वापट आणि तासाचं इंधन दुप्पट!

मग सुरुवातीपासूनच १५ नॉटनं पळवलं तर? ८० तासांत पोहोचेल. पूर्ण प्रवासाचं इंधन दीडपटीहून जास्त जाळेल आणि बंदराबाहेर नांगर टाकून २० तास उभं राहील. आमच्या पोराचा लाँचमधला प्रश्न हाच होता. जगभरची बंदरं आणि जहाजकंपन्या आता याच प्रश्नावर काम करताहेत : धक्का कधी रिकामा होणार ते जहाजाला आधीच कळवायचं, म्हणजे ते सावकाश, नेमक्या वेळेला येईल.

हे आमच्या वर्गात का हवं?

यावर कोणी म्हणेल, सर, पालमच्या पोरांना जहाज कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे समुद्र नसलेल्या गावच्या माणसाचं समुद्रात काही चालत नाही, हे खरं नाही. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद सिंदिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्या कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हा हिशोब रोजच्या जगण्याचा आहे. मी वर्गात विचारलं : पालमहून परभणीला परीक्षेला जायचंय. अंतर ६० किलोमीटर धरा, हातात दीड तास. म्हणजे ताशी ४०. पण रस्ता खराब, पहिले ३० किलोमीटर ताशी ३० नं गेले. आता किती वेग हवा? जवळपास सगळ्या वर्गानं सांगितलं, ५०. कारण ३० आणि ५० ची सरासरी ४०! पण पहिल्या ३० किलोमीटरला एक तास गेलाय. उरला अर्धा तास, म्हणजे वेग हवा ६०. पन्नासनं गेलेला ३६ मिनिटं घेईल आणि सहा मिनिटं उशिरा पोहोचेल. तोवर परीक्षेचं गेट बंद झालेलं असेल. सूत्र सगळ्यांना पाठ होतं. ‘उरलं किती आणि वेळ किती’ हे विचारायची सवय मात्र नव्हती.

ती सवय मलाही नव्हती, हे इथं कबूल करतो. मी वार्षिक नियोजन जूनमध्ये लिहायचो आणि थेट फेब्रुवारीत उघडायचो. मग उरलेले धडे पळवायचे. पंधरा नॉट! त्यात पुढची चार पोरं टिकायची, बाकीची मागे पडायची.

आणि आमच्याकडे प्रत्येक पोराचं बंदरही एका तारखेला नसतं. माझ्या वर्गातली काही पोरं दिवाळीच्या आसपास आई-बापासोबत ऊसतोडीला जातात. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर काही मागे राहतात, सगळी नाही. माझं नियोजन एप्रिलपर्यंतचं, त्यांच्या हातातला वेळ दिवाळीपर्यंतचा. एका वर्षी एक मुलगी भागाकार अर्धा शिकून गेली. परत आली तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर होता. ती मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसली. तिचा वेग कमी नव्हता. तिच्यासाठी उरलेला वेळ मी मोजलाच नव्हता.

आता मी वहीत दोन रकाने ठेवतो. एक वर्गाचा, एक जाणाऱ्या पोरांचा. त्यांच्यासाठी दुप्पट वेगानं शिकवणं जमत नाही, ते त्यांना झेपतही नाही. म्हणून दिवाळीपर्यंत काय पक्कं व्हायलाच हवं, ते आधी निवडतो : वाचन, चार क्रिया, नाण्यांचा हिशोब. दर शनिवारी दहा मिनिटं नोंद करतो. किती आलो, किती उरलं, किती आठवडे उरले. पोरं परत आली की वर्ग कुठे आहे हे न बघता ती कुठे आहेत हे आधी बघतो.

फार मोठा उपक्रम नाही हा. खर्च शून्य. येत्या शनिवारी एक वही घ्या, आपल्या वर्गाचे उरलेले आठवडे मोजा, आणि वर्गात असं कोणी पोर आहे का बघा, ज्याचे आठवडे तुमच्यापेक्षा कमी आहेत. असलं, तर पहिला हिशोब त्याचा करा.