नाट्य-चित्र-विचार : हेर आणि घर

हेरकथेचा चित्रपट लागला कीं आमच्या घरांतलीं मुलें दिवाणखान्यांत जमतात, आणि वडील मंडळी 'आवाज कमी करा' एवढाच अभिप्राय देऊन आंत निघून जातात. हें सदर चालवावयाचें म्हणून मला मात्र तेथें बसावें लागतें. बसून बसून माझें एक मत बनलें आहे, तें आज वाचकांपुढें ठेवतों. हेरकथेचा कस बंदुकीनें लागत नाहीं. तो उंबरठ्यावर लागतो. हेर कोणाच्या घरांत शिरला, कोणाच्या हातचें जेवला, आणि त्या मिठाला पुढें कितपत जागला, हें ज्याला सांगतां आलें त्याची कथा झाली. बाकी सारी आतषबाजी.

जानेवारी २०२३ मध्यें आलेला 'पठाण' मुलांबरोबर मींहि पाहिला. शाहरुख खान यांचा उत्साह तरुणांस लाजविणारा आहे, आणि दोन-अडीच तास कसे गेले तें कळलें नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगतों. परंतु घरीं येऊन पाट-पाणी होईपर्यंत त्यांतलें कांहींहि मनांत उरलें नव्हतें. ज्या नायकाला हरविण्यासारखें घर नाहीं, त्याच्या जिवाची काळजी प्रेक्षकानें कां करावी? आकाशांतून तो कितीहि वेळां पडला, तरी कोणाच्या स्वयंपाकघरांत चूल विझत नाहीं.

हा माझा नवा शोध नव्हे. विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' हें संस्कृत नाटक आरंभापासून शेवटापर्यंत हेरांचेंच नाटक आहे. त्याच्या पहिल्या अंकांतला एक प्रसंग वाचकांनीं आठवावा. चाणक्याचा हेर निपुणक यमाचें चित्र असलेला पट घेऊन घरोघर गात फिरतो. चंदनदास जवाहिऱ्याच्या घरीं त्यानें पट मांडला असतां आंतून पांच वर्षांचें एक मूल बाहेर धांवतें. त्याला आंत ओढण्यासाठीं एका स्त्रीचा हात दाराआडून पुढें येतो, आणि तिच्या बोटांतली, पुरुषाच्या मापाची म्हणून सैल झालेली, अंगठी गळून घरंगळत हेराच्या पायाशीं येते. तीच अमात्य राक्षसाची मुद्रा. पुढचें सारें राजकारण त्या अंगठीभोंवतीं फिरतें. एवढा मोठा मुत्सद्दी अडकतो तो कोणत्याहि रणांगणावर नव्हे, तर मुलाच्या काळजीनें पुढें आलेल्या एका हातामुळें.

मराठी रंगभूमीनेंहि हा विषय फार पूर्वीं हाताळला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'चें (१९१३) मूळ जी महाभारतांतली कचदेवयानीची कथा, ती माझ्या मतें हेरकथाच आहे. कच आपलें कूळ लपवीत नाहीं. तो बृहस्पतीचा पुत्र आहे हें शुक्राचार्यांस ठाऊक असतें. पण संजीवनी मिळवून देवांकडे परत जावयाचें, हा त्याचा अंतस्थ हेतु. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात, आणि देवयानी बापाच्या पायांशीं बसून त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करविते. विद्या हातीं येतांच तो निरोप मागतो, आणि गुरुकन्या म्हणजे बहीण, हें धर्मवचन पुढें करून तिच्या प्रेमांतून सुटतो. शास्त्रानें कच निर्दोष आहे. परंतु देवयानीच्या बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला ती निर्दोषता पुरत नाहीं, आणि तिच्या तोंडचा शाप त्याला आपलासा वाटतो.

आतां दोन चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवतों. दोहोंमध्यें बहात्तर वर्षांचें अंतर आहे, देश निराळे, भाषा निराळ्या. पण नायिका एकच काम करते. ती सून होऊन शत्रूच्या घरांत शिरते.

पहिला आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९४६ चा 'नोटोरियस'. इंग्रिड बर्गमन यांनीं रंगविलेली ॲलिशिया ही एका शिक्षा झालेल्या जर्मन हेराची मुलगी. अमेरिकन हेरखातें तिला ब्राझीलमधील रिओ शहरीं पाठवितें, आणि तिच्यावर प्रेम करणारा अधिकारीच तिला दुसऱ्याच्या घरीं जाऊं देतो. सेबास्टियन हा तिथला पुढारी तिच्याशीं लग्न करतो. पुढचा प्रसंग आपल्याकडच्या कोणत्याहि वाड्यांत घडावा तसा आहे. नवी सून किल्ल्या मागते. सासू त्या सुखासुखी सोडीत नाहीं. बंद दाराआड मायलेकरांची कुरबूर होते आणि मग किल्ल्या बाहेर येतात. तळघराची किल्ली मात्र त्यांत नसते. ती ॲलिशिया नवऱ्याच्या जुडग्यांतून काढते. मेजवानीच्या रात्रीं कॅमेरा जिन्याच्या उंचीवरून, झगमगत्या पाहुण्यांवरून खालीं उतरत उतरत तिच्या मुठींतल्या त्या एका किल्लीवर येऊन थांबतो. तळघरांतल्या बाटल्यांत मद्याऐवजीं युरेनियमची खनिज भुकटी निघते. चोरी उघडकीस आल्यावर सासू आणि नवरा ओरडत नाहींत; कॉफींतून थोडें थोडें विष देतात, आणि रोज प्रकृतीची विचारपूस करतात. 'बरें वाटतें ना?' हा घरोघरचा प्रश्न इतका भयंकर मीं दुसरीकडे ऐकलेला नाहीं.

दुसरा मेघना गुलजार यांचा 'राज़ी' (२०१८). हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' ह्या २००८ च्या इंग्रजी कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९७१ चें युद्ध तोंडावर आलेलें. दिल्लींत शिकणारी काश्मिरी सेहमत मरणाच्या दारांत असलेल्या बापाच्या इच्छेखातर पाकिस्तानी लष्करी घराण्यांत सून म्हणून जाते. आलिया भट्ट यांचें काम जितकें नाजूक तितकेंच निश्चयी झालें आहे. मोठ्या जावेच्या भूमिकेंत आपल्या अमृता खानविलकर आहेत, आणि वाट्याला आलेल्या थोड्या जागेंत त्यांनीं तें घर खरें करून दाखविलें आहे.

दोष सांगावयाचे तर सेहमतचें शिक्षण फार घाईनें उरकलें आहे. कालपर्यंत रक्त पाहून घाबरणारी मुलगी इतक्या थोड्या दिवसांत मनुष्यवध करण्यास तयार होते, हें पटवून देण्यास दिग्दर्शिकेनें आणखी वेळ घ्यावयास हवा होता. भर वस्तीच्या घरांतून संदेश पाठविणेंहि दाखविलें आहे तितकें सोपें नसावें. परंतु चित्रपटाचें बळ दुसरीकडे आहे. नवरा सुस्वभावी आहे, नव्या बायकोला तो परकेपण सरेपर्यंत वेळ देतो. सासरा तिच्यावर विश्वास टाकतो. ज्या नोकराला तिचा संशय येतो, तो धन्याच्या घराशीं इमान राखणारा आहे. त्याला ती गाडीखालीं घालते, आणि मग एकटीच ढसढसां रडते. पुढें दिराचाहि बळी जातो. तिच्याकडून निसटलेल्या बातमीनें देशाचें नौदल सावध होतें, आणि त्याच वेळीं एका घरांतले पुरुष एकेक करून नाहींसे होतात. विजयाचा शंख वाजत नाहीं. सेहमत परत येते ती त्या घरचा वंश पोटांत घेऊन.

चित्रपट संपल्यावर आमच्या घरीं वाद झाला. दादा म्हणाले, "देशापुढें सासर कसलें? तिनें केलें तें योग्यच केलें." वहिनी म्हणाल्या, "योग्य असेल. पण ज्या नोकरानें तिच्यासाठीं चहा आणला, त्याला मारतांना तिचे हात कसे झाले, तें बाईमाणसालाच कळेल." माझ्या पुतण्याची बायको इतका वेळ मुकाट्यानें भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "काका, सासर वाईट मिळालें असतें, तर तिचें काम सोपें झालें असतें." चार पानें लिहून मला जें सांगतां आलें नसतें, तें सूनबाईनें एका वाक्यांत सांगितलें. हिचकॉक यांच्या सासूनें विष दिलें, म्हणून ॲलिशियाची आपल्याला चिंता वाटते आणि मन मोकळें होतें. 'राज़ी'मध्यें तें मोकळेपण नाहीं. तेथें विष सून देते.

ह्याच पंगतींत 'द फॅमिली मॅन' ही २०१९ पासूनची मालिका बसवितों. मनोज बाजपेयी यांचा श्रीकांत तिवारी मुंबईंत राहतो, कर्ज फेडतो, मुलांच्या शाळेंत उशिरां पोंचतो, आणि सरकारी कचेरींत फायली हलवितों असें भासवीत अतिरेक्यांच्या मागें धांवतो. शिव्यांचें प्रमाण इतकें आहे कीं, सर्वांनीं एकत्र बसून पाहण्याजोगी ती नाहीं. तरीहि २०२१ च्या दुसऱ्या भागांतला एक धागा मोलाचा आहे. घराशीं खोटें बोलणाऱ्या ह्या माणसाच्या मुलीला एक मुलगा खोटें नांव सांगून भुलवितो आणि पळवून नेतो. बापाची विद्या मुलीवर उलटते. घरांत सारेच कांहींतरी लपवीत असले, तर बाहेरच्या लबाडाला वेगळें असें कांहीं करावेंच लागत नाहीं.

येथें थांबलों असतों, तर लेख सुखाचा झाला असता. पण एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे.

पुतण्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दिवाळीनंतर तो संध्याकाळीं उशिरां येऊं लागला. विचारलें कीं 'अभ्यास' म्हणे. घरांत कुजबूज सुरू झाली, आणि एके रात्रीं वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्हांला त्या यंत्रांतलें कळतें. जरा बघा तरी." मोबाईल दिवाणखान्यांत विजेला लावून ठेवलेला होता. त्याचा खुणेचा आंकडा मुलानें माझ्यादेखत कितीदां तरी दाबलेला. मला तो पाठ होता. मीं पाहिलें. निघालें काय, तर एकांकिका स्पर्धेच्या तालमी! वर्ष महत्त्वाचें, म्हणून घरांत नको म्हणतील ही एक भीति. दुसरी भीति त्यानें मित्राला लिहिली होती : आमचे आजोबा नाटकांवर लिहितात, ते आले कीं माझें तोंडच उघडणार नाहीं.

वहिनींना मीं एवढेंच सांगितलें, "काळजीचें कारण नाहीं." त्यांची झोंप परत आली, माझी गेली. ह्याच सदरांत इतकीं वर्षें परक्यांच्या विश्वासघातावर मतें दिलीं. आणि जो मुलगा मला परका समजत नव्हता म्हणूनच माझ्यासमोर आंकडा दाबीत होता, त्याच्या विश्वासाच्या चावीनेंच मीं त्याचें कुलूप काढलें. हेतु चांगला होता. पण हेतु तर कचाचाहि चांगला होता.

'राज़ी' पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशीं मीं त्याला गच्चीवर बोलावून सारें सांगितलें. तो चिडला नाहीं. बराच वेळ खालीं पाहत उभा राहिला, आणि म्हणाला, "आजोबा, विचारलें असतें तर तुम्हांला सांगितलें असतें." नंतर त्यानें आंकडा बदलला, आणि तो मला ठाऊक नाहीं.

मुलांवर लक्ष ठेवूं नये, असें मी म्हणत नाहीं. वडीलधाऱ्यांचें तें कर्तव्यच आहे. पण लक्ष ठेवणें आणि पाळत ठेवणें ह्यांत एका प्रश्नाचें अंतर असतें, आणि तो प्रश्न तोंडावर विचारावयास वडिलांना धीर लागतो. तो मला त्या रात्रीं झाला नाहीं.

एकांकिकेचा प्रयोग पुढच्या आठवड्यांत आहे. घरांत आतां सर्वांना ठाऊक झालें आहे, त्यानेंच सांगितलें. दादा-वहिनी जाणार आहेत. मला आमंत्रण अजून आलेलें नाहीं, आणि मी तें मागणार नाहीं. आलें, तर मागच्या रांगेंत बसेन, आणि त्या प्रयोगावर ह्या सदरांत एक ओळहि लिहिणार नाहीं.